दोन कैफियती आणि एक बनावट किल्ली

ज्या खेळात बाजी मारण्यासारखे काही नाही, हाताच्या चपळाईची फारशी कसोटी नाही, गुणांचा हिशेब नाही, आणि खेळणाऱ्याने कसेही वर्तन केले तरी जी कथा थोड्याफार फरकाने त्याच मुक्कामाला जाऊन पोहोचते, त्या प्रकाराला खेळ म्हणावे की नाही, असा आक्षेप व्हिडिओ गेमच्या जाणत्या मंडळींकडून बरीच वर्षे घेतला जात आहे; आणि कथा-कादंबऱ्यांवर वाढलेला वाचक दुसऱ्या बाजूने असे विचारतो की, गोष्टच सांगायची तर ती सरळ सांगून मोकळे व्हावे, मध्येच थांबून ऐकणाऱ्यालाच 'आता मी काय उत्तर देऊ?' असे विचारण्याचे प्रयोजन काय? हे दोन्ही आक्षेप वरवरचे नाहीत. तथापि ज्या एका कृतीपुढे ते दोन्ही लंगडे पडतात, ती 'टेल्स फ्रॉम द बॉर्डरलँड्स' ही पाच भागांची विनोदी साहसकथा, २०१४ आणि २०१५ या दोन सालांत अमेरिकेतील टेलटेल गेम्स या संस्थेने क्रमशः प्रसिद्ध केलेली, मराठी वाचकाच्या परिचयाची व्हावी, आणि तिचा आस्वाद कोणत्या अंगाने घेतला असता तो अधिक रुचकर होईल याचे थोडेबहुत दिग्दर्शन व्हावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या कृतीचे कुळ जुने आहे. १९७६ च्या सुमारास विल क्रौदर या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने केंटकीमधील एका विस्तीर्ण गुहेच्या आधाराने जो केवळ शब्दांचा खेळ रचला, आणि पुढील वर्षी डॉन वुड्स याने ज्यात भर घातली, त्यापासून 'साहसकथा' हा प्रकार सुरू झाला. खेळणाऱ्याने दोन-दोन शब्दांचे हुकूम टंकलिखित करावयाचे आणि यंत्राने त्यांची तामिली झाली किंवा नाही ते कळवावयाचे, असा तो व्यवहार होता. या कोरड्या व्यवहारात हास्य आणण्याचे श्रेय ज्यांना मुख्यत्वे द्यावे लागते त्यांत कॅलिफोर्नियातील लुकासआर्ट्स या संस्थेचे लेखक अग्रभागी आहेत. १९९० साली निघालेल्या 'द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड' या खेळात समुद्री चाचे तलवारीने लढतात खरे, परंतु लढाई जिंकतो तो ज्याच्या जिभेला धार अधिक तो. प्रतिपक्षाने हासडलेल्या शिवीला नेमके चपखल उत्तर सापडले की त्याची तलवार मागे हटते. जबाब हेच शस्त्र, ही कल्पना येथे प्रथम ठसठशीतपणे पुढे आली, आणि आपल्या चरित्रनायकाचा वंशवृक्ष शोधणाऱ्याने ती ध्यानी ठेवावी.

मात्र त्या जुन्या खेळांत एक मूलगामी वैगुण्य होते. त्यांतील विनोद कोड्यांत गुंतलेला असे. अमुक वस्तू तमुक वस्तूशी जोडल्याखेरीज पुढचे दार उघडत नसे, आणि ती जोडी सुचेपर्यंत खेळणारा तासन्‌तास, कधी दिवसेंदिवस, त्याच त्या दालनात येरझारा घालीत, तीच ती थट्टेची वाक्ये पुनःपुन्हा ऐकत बसे. विनोदाचा प्राण वेळेत असतो. एक क्षण लवकर किंवा एक क्षण उशिरा आलेला शब्द हास्याऐवजी जांभई उत्पन्न करतो. मग जेथे दोन वाक्यांमध्ये अख्खी रात्र जाऊ शकते, तेथे लेखक कितीही प्रतिभावान असला तरी त्याच्या हातून वेळेचा लगाम सुटलेलाच असणार.

लुकासआर्ट्सने 'सॅम अँड मॅक्स' या विनोदी जोडगोळीवरील एक नियोजित खेळ २००४ साली अर्धवट अवस्थेत रद्द केला, आणि तेथून बाहेर पडलेल्या काही मंडळींनी त्याच वर्षी सॅन राफेल येथे टेलटेल गेम्सची स्थापना केली. स्टीव्ह पर्सेल याच्या चित्रकथांतून आलेल्या त्या कुत्र्या-सशाच्या जोडीला या नव्या संस्थेने २००६ च्या ऑक्टोबरपासून पुढील वर्षीच्या एप्रिलपर्यंत सहा भागांत, दूरचित्रवाणीवरील मालिकेप्रमाणे, पुनर्जन्म दिला. भागाभागांनी खेळ विकण्याची ही तजवीज पुष्कळांनी यापूर्वी बोलून दाखवली होती, पण ठरलेल्या मुदतीत सर्व भाग पुरे करून दाखविणारे विरळा. पुढे २०१२ साली 'द वॉकिंग डेड' या त्यांच्या मालिकेने कोडी जवळजवळ हद्दपार केली आणि त्यांच्या जागी संभाषण आणले: पडद्यावर चार उत्तरे उमटतात, खाली वेळेची पट्टी झरझर आखडत जाते, तेवढ्या अवधीत एक उत्तर निवडावे, न निवडल्यास मौन हेच उत्तर म्हणून दाखल होते, आणि कोपऱ्यात सूचना येते की, अमुक इसम ही गोष्ट लक्षात ठेवील. प्रेतांनी व्यापलेल्या जगात एका अनाथ मुलीला सांभाळणाऱ्या माणसाच्या त्या कथेत या आखडत्या पट्टीने खेळणाऱ्याच्या छातीत धडकी भरवली. भयासाठी घडवलेल्या या यंत्रणेतून हास्यही निर्माण होऊ शकेल, हे त्या वेळी फारच थोड्यांना सुचले असेल.

ते घडले ज्या भूमीत, ती भूमी मुळात दुसऱ्याच मालकीची होती. टेक्सासमधील गिअरबॉक्स सॉफ्टवेअर या संस्थेने २००९ आणि २०१२ साली काढलेल्या 'बॉर्डरलँड्स' मालिकेचे दोन खेळ हे निव्वळ गोळीबाराचे खेळ होत. पँडोरा नावाचा उजाड, पेंढाऱ्यांनी आणि हिंस्र श्वापदांनी भरलेला ग्रह, त्यावरील गुप्त 'व्हॉल्ट' म्हणजे परग्रहवासीयांची भांडारे, ती शोधणारे बंदूकधारी वीर, आणि त्या ग्रहाच्या आकाशात हेलिओस नावाच्या अंतराळस्थानकावर कारभार थाटून बसलेली हायपेरियन ही शस्त्रविक्रेती कंपनी, असा त्यांचा संसार. या संसारात टेलटेलच्या लेखकांनी बुद्ध्याच अशी दोन माणसे आणून उभी केली की ज्यांना धड लढताही येत नाही. रीस हा हायपेरियनच्या कचेरीतील महत्त्वाकांक्षी नोकर. फिओना ही पँडोरावर लहानाची मोठी झालेली, बहीण साशा आणि पालनकर्ता फीलिक्स यांच्यासह लोकांना गंडा घालून पोट भरणारी ठग. एकाची सत्ता हुद्द्यात, दुसरीची थापेत. आणि दोघांचेही भांडवल एकच, ते म्हणजे बोलणे.

आता निवेदनाची योजना पाहावी. कथा सुरू होते तेव्हा एका मुखवटाधारी अनोळखी इसमाने रीसला आणि पाठोपाठ फिओनाला पकडलेले आहे, आणि झाला प्रकार आरंभापासून सांगा असे त्याचे फर्मान आहे. आपण जे खेळतो ती वस्तुतः या दोघांची जबानी होय. एखादा प्रसंग रीसच्या कैफियतीप्रमाणे घडतो, मग तोच फिओनाच्या कैफियतीप्रमाणे पुन्हा घडतो. एकाने स्वतःला शूर म्हणून रंगवावे, दुसरीने मध्येच हरकत घ्यावी, दोघांनी एकमेकांना लबाड ठरवावे, आणि समोरच्या मुखवट्याने निर्विकारपणे पुढे बोला म्हणावे. रीसने आपला नवा वरिष्ठ ह्यूगो व्हॅस्क्वेझ याचा एक गुप्त सौदा चोरून ऐकलेला असतो. एका व्हॉल्टची किल्ली एक कोटी डॉलरला विकली जाणार असते. तो सौदा स्वतःच्या पदरात पाडून घेण्यासाठी रीस आपला हिशेबनीस मित्र व्हॉन याला कंपनीच्या तिजोरीतून तेवढी रक्कम काढायला लावून पँडोरावर उतरतो. आणि ती किल्ली बनावट असून तिच्या पाठीमागे फिओनाचीच टोळी आहे, हे आपल्याला कथेच्या दुसऱ्या साक्षीदाराकडून कळते. पहिल्या कैफियतीत जो प्रसंग रीसच्या धाडसाचा वाटला, तोच दुसरीत एका सावजाच्या भोळेपणाचा ठरतो. एकच घटना, दोन साक्षी, आणि सत्य दोघांच्या मधल्या फटीत कोठेतरी.

या रचनेमुळे जे साधले ते फार मोलाचे आहे. इतर निवडप्रधान खेळांत खेळणाऱ्याला अशी समजूत करून दिली जाते की तो कथेचा विधाता आहे, आणि मग सगळ्या वाटा अखेर एकाच चौकात येतात हे ध्यानात आले की त्याला फसवणूक झाल्यासारखे वाटते. येथे आरंभीच हे स्पष्ट आहे की, जे घडायचे ते घडून गेलेले आहे. दोघे पकडले गेले आहेत, मुखवटा समोर उभा आहे. खेळणाऱ्याच्या हाती उरते ते ही हकिकत कशी सांगायची एवढेच: उद्धटपणे की नम्रपणे, खरे बोलून की थाप मारून, मित्राची बाजू राखून की स्वतःची कातडी वाचवून. आपल्या तमाशातील वगात कथानक आधीच ठरलेले असते, राजा कोण, प्रधान कोण, शेवट काय, हे सर्व पक्के. तरीही प्रेक्षक येतात ते सोंगाड्या आज राजाला कोणता उलट जबाब देतो हे ऐकायला, कारण संवाद त्या रात्रीच्या बोर्डावरच जन्माला येतात. या खेळातील निवडीचे स्वरूप नेमके तेच आहे, आणि ते ओळखून जो खेळेल त्याला आरंभी उल्लेखिलेला पहिला आक्षेप आपोआप विसरायला होईल.

दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर त्या आखडत्या पट्टीत आहे. थापाड्या माणसाला प्रश्न विचारला गेला आहे, समोरचा डोळे बारीक करून पाहतो आहे, आणि उत्तर देण्यास मोजके क्षण आहेत: ही परिस्थिती कादंबरीत वर्णन करता येते, नाटकात पाहता येते, पण त्या थापाड्याच्या जागी स्वतः बसून, चार अर्धवट उत्तरांतून घाईघाईने एक उचलून, मग ते उत्तर पात्राच्या तोंडून संपूर्ण बाहेर पडल्यावर आपण हे काय बोलून बसलो म्हणून कपाळाला हात लावण्याचे सुख वाचकाला किंवा प्रेक्षकाला मिळणे शक्य नाही. जुन्या साहसकथांनी जी वेळ खेळणाऱ्याच्या स्वाधीन करून विनोद गमावला होता, ती वेळ या पट्टीने लेखकाच्या हाती परत दिली. आणि मौन? अनेक ठिकाणी काहीच न बोलणे हेच सर्वांत हशा पिकवणारे उत्तर ठरते. सगळे रीसकडे पाहत आहेत, रीस समोर पाहतो आहे, आणि क्षण ओसरून जातो.

विनोदाचा दुसरा झरा कचेरीचा. हायपेरियनचा कारभार म्हणजे बढती, कारस्थान आणि बडतर्फी यांची अखंड मालिका. ज्या दिवशी आपल्याला बढती मिळणार म्हणून रीस मोठ्या ऐटीत वरिष्ठाच्या दालनात शिरतो, त्या दिवशी खुर्चीत व्हॅस्क्वेझ बसलेला असतो, जुन्या वरिष्ठाचे प्रेत खिडकीबाहेरच्या अंतराळात तरंगत असते, आणि रीसच्या हाती जो नेमणुकीचा हुकूम पडतो तो 'असिस्टंट व्हाइस जॅनिटर' या पदाचा, म्हणजे सहायक उपझाडूवाल्याचा. हुद्द्याच्या नावात जितकी उपसर्गांची भर, तितकी किंमत कमी, हे सत्य सांगण्यासाठी लेखकांना याहून लांब व्याख्यान द्यावे लागले नाही. हिंजवडीच्या काचेच्या इमारतींत उमेदवारी केलेल्या मराठी तरुणाला हा दोन वाक्यांचा प्रसंग भाष्यावाचून कळेल.

याच कचेरीत चौथ्या भागातील तो प्रसंग घडतो, ज्याचे नाव काढताच हा खेळ खेळलेल्यांच्या चेहऱ्यावर हसू फुटते. व्हॅस्क्वेझचे सोंग घेऊन रीस हेलिओसवर परतला आहे, आणि हिशेब खात्यातून चालला असता तेथील कारकून अकस्मात त्याच्यावर हल्ला चढवतात. हाती शस्त्र नाही, फक्त बोटे बंदुकीसारखी पुढे केलेली, आणि गोळ्यांचे आवाज तोंडाने काढलेले. रीस क्षणभर गोंधळतो, मग तोही बोटे रोखतो. येथून पुढे जे चालते ते संपूर्ण गांभीर्याने: मेजांच्या आड दडणे, उड्या घेणे, बोटांची मोठी बंदूक करणे, जखमी सहकाऱ्याला ओढून नेणे, आणि गोळी लागलेल्या कारकुनाने आपले मरण शक्य तितके लांबवीत कोसळणे. खेळणाऱ्यालाही नेम धरून कळ दाबावी लागते, जणू खरोखरीचाच गोळीबाराचा खेळ चालला आहे. असंख्य बंदुका हाच ज्या मूळ मालिकेचा लौकिक, तिच्याच अंगणात, तिच्याच शस्त्रविक्रेत्या कंपनीच्या कचेरीत, बंदुकीवाचून लढलेली ही लढाई म्हणजे यजमानाच्या घरी बसून यजमानाचीच केलेली सर्वांत प्रेमळ टवाळी होय. कथेच्या दृष्टीने ती अनावश्यक आहे, वगळली तरी एक धागा सुटत नाही. तरीही ती वगळलेली ही कृती कल्पिणे कठीण.

केवळ टवाळीवर पाच भाग तगले नसते. ट्रॉय बेकर याने रीसला आणि लॉरा बेली हिने फिओनाला जो आवाज दिला आहे त्यात फुशारकीच्या मागे दडलेली भीती स्पष्ट ऐकू येते; पॅट्रिक वॉरबर्टनचा व्हॅस्क्वेझ हा आत्मसंतुष्ट अधिकाऱ्याचा अर्क आहे; आणि डॅमियन क्लार्कचा हँडसम जॅक, मूळ खेळातील मेलेला खलनायक, रीसच्या डोक्यातील यंत्रात भुतासारखा ठाण मांडून, गोड बोलून त्याला सत्तेची लालूच दाखवू लागतो, तेव्हा हसता हसता आपण कोणाचे ऐकत आहोत याचे भान खेळणाऱ्याचे सुटू लागते. लोडर बॉट नावाचा कंपनीचा हमाल यंत्रमानव आणि गॉर्टिस ही बालस्वभावाची चेंडूसारखी यंत्रकन्या यांच्या स्नेहात तर लेखकांनी एकही मनुष्य न आणता माणुसकीचा सगळा भार पेलला आहे. चौथ्या भागात एका अत्यंत विनोदी पात्राचा मृत्यू होतो. तो कोणाचा हे सांगणे प्रस्तावनाकाराला शोभणार नाही, मुखवट्याआडचा इसम कोण हेही नाही. परंतु ज्या जगात मरण ही पावलोपावली होणारी थट्टा आहे, त्याच जगात एक मरण थट्टा म्हणून घेता येत नाही, आणि त्या वेळी खेळणाऱ्याला निवडायला दिलेली उत्तरे सर्व सारखीच अपुरी असतात, एवढे नोंदविणे अवश्य आहे.

दोष नाहीत असे नाही. पहिला भाग २५ नोव्हेंबर २०१४ ला निघाला, दुसरा १७ मार्च २०१५ ला, आणि पाचवा २० ऑक्टोबर २०१५ ला. पाच भागांची ही कथा पुरी व्हायला जवळजवळ अकरा महिने लागले, आणि पहिल्या दोन भागांमधील खंड एवढा लांबला की पुष्कळांना पूर्वकथेचा सारांश पाहूनच पात्रांची नावे आठवावी लागली असतील. रीसचा कृत्रिम डोळा वस्तूंवर रोखला की त्यांविषयी खुसखुशीत टिपणे वाचायला मिळतात आणि फिओनाच्या पुंजीतून खरेदी करता येते, पण ही दोन्ही साधने आरंभी जितक्या उत्साहाने मांडली आहेत तितक्या उत्साहाने पुढे वापरलेली नाहीत. संकटकाळी दाखविलेली कळ वेळेवर दाबण्याचे जे प्रसंग अधूनमधून येतात, ते तर निव्वळ खेळ या नावाची लाज राखण्यापुरते. निवडींचे दूरगामी परिणाम मोजकेच. तथापि शेवटच्या भागात निर्णायक लढाईसाठी साथीदार जमविताना पूर्वी आपण कोणाशी कसे वागलो त्यावर कोण हाकेला ओ देणार हे ठरते, आणि तेथे जुन्या उसनवारीचा जमाखर्च चोख मांडलेला आहे. प्रत्येक भागाच्या अखेरीस इतर खेळणाऱ्यांपैकी शेकडा कितीजणांनी कोणती निवड केली याचा तक्ता येतो. आपण बहुमतात आहोत की अल्पमतात हे पाहून कित्येकदा स्वतःच्या स्वभावाविषयी काही नवीनच कळते.

या कृतीचे पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. २१ सप्टेंबर २०१८ रोजी टेलटेल गेम्सने आपल्या सुमारे अडीचशे नोकरांना एकाच दिवशी रजा दिली आणि केवळ पंचवीसजण मागे ठेवले. त्यानंतर थोड्याच अवधीत संस्था संपुष्टात आली, आणि २०१९ साली हा खेळही विक्रीतून उठला. ज्याने तो आधी विकत घेतला नव्हता त्याच्यासाठी तो नाहीसाच झाल्यासारखा होता. पुस्तकाची आवृत्ती संपली तरी ग्रंथालयात किंवा रद्दीच्या दुकानात एखादी प्रत सापडते, पण तारेवरून विकल्या जाणाऱ्या प्रतीला तो आसरा नसतो. सुदैवाने फेब्रुवारी २०२१ मध्ये टू के या प्रकाशकाने तो पुन्हा उपलब्ध करून दिला. २०२२ साली गिअरबॉक्सने 'न्यू टेल्स फ्रॉम द बॉर्डरलँड्स' या नावाने नव्या पात्रांची दुसरी कथा काढली, पण तिला पहिलीची सर आली नाही. मूळ कृतीच्या निर्मात्यांपैकी निक हर्मन आणि पिएर शोरेट यांनी इतर सहकाऱ्यांसह अ‍ॅडहॉक स्टुडिओ स्थापन केला, आणि त्यांचा 'डिस्पॅच' हा आठ भागांचा विनोदी, निवडप्रधान खेळ २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दर आठवड्याला दोन भाग या हिशेबाने वेळच्या वेळी पुरा झाला. त्यातही नायक कचेरीतच बसलेला आहे. संस्था बुडाली, पण कसब बुडाले नाही.

राहिला प्रश्न मराठी वाचकाने हा खेळ कसा खेळावा याचा. तो इंग्रजीत आहे, त्यातील बोली अमेरिकन आणि वेगवान आहे. म्हणून पडद्याखालील उपशीर्षके चालू ठेवण्यात कमीपणा मानू नये, निम्मा विनोद त्यांतच हाती लागतो. मूळ गोळीबाराचे खेळ खेळले नसले तरी काही अडत नाही. भाषा शिवराळ आहे आणि रक्तपात पुष्कळ, तेव्हा घरातील लहान मुलांना शेजारी बसवू नये. त्याऐवजी समवयस्क स्नेह्याला बसवावे, कारण कोणते उत्तर द्यावे यावर दोघांत होणारा वाद हा या खेळाचा लेखकांनी न लिहिलेला सहावा भाग आहे. रोज एकच भाग खेळावा. दोन-अडीच तासांत तो आटोपतो, आणि पाचही एका बैठकीत संपविल्यास विनोदाची धार बोथट होते. सर्वांत महत्त्वाचे हे की, उत्तर चुकले असे वाटून मागे जाऊ नये. आयत्या वेळी तोंडातून निसटलेला वेडगळ जबाब जसाच्या तसा राहू द्यावा आणि त्याचे परिणाम निमूटपणे भोगावेत. पुसून पुन्हा लिहिलेल्या कैफियतीत कथानक तेच राहते, फक्त हसणे कमी होते.